एमपी४ आहे तरी प्लेअरवर चालत नाही? प्लेअर फेकायच्या आधी हे बघा

"आवाज येता, चित्र दिसना." नाहीतर स्क्रीनवर "फॉरमॅट नॉट सपोर्टेड". नाहीतर त्याहून वाईट, म्हणजे फाइलचं नाव यादीत छान दिसतं, ओके दाबलं की क्षणभर काळं होतं आणि प्लेअर गपचूप परत मेनूवर. श्रावण लागला, गावागावात भजनी सप्ते सुरू झाले, पुढे चवथ आली की हे प्रश्न हटकून येतात, कारण तेव्हाच कोणीतरी सत्तरीतल्या आजोबांसाठी, बार्जवर काम करणाऱ्या मामासाठी, किंवा चोर्ला घाटातून बेळगावला ये-जा करणाऱ्या स्वतःसाठीच त्या छोट्या बटणवाल्या प्लेअरमध्ये भजनं, घुमट आरत्या, जुनी नाटकं भरायला बसतं. आणि सगळ्यांची तक्रार तीच, की मागच्या वर्षी तर चाललं होतं, तोच प्लेअर, तोच कॉम्प्युटर, आणि यंदा अर्धे व्हिडिओ चालतात अर्धे नाहीत. मग घरातलं कोणीतरी जाहीर करतं की प्लेअर गेला. बहुतेक वेळा प्लेअर ठणठणीत असतो हो.

घोळ कुठे आहे ते आधी सांगतो, कारण हे कळलं की पुढचं सगळं सोपं. फाइलच्या नावाच्या शेवटी जे एमपी४ असतं ना, तो फक्त डबा. डब्यावर नेवऱ्या लिहिलंय म्हणून आत नेवऱ्याच निघतील असं नाही. आत चित्र वेगळ्या पद्धतीने दाबून भरलेलं असतं आणि आवाज वेगळ्या पद्धतीने, त्या पद्धतीला कोडेक म्हणतात, आणि प्लेअरला चालतं की नाही ते या कोडेकवर ठरतं. आपल्या छोट्या प्लेअरना जे हमखास समजतं ते म्हणजे एच.२६४, हे २००३ सालचं, किंवा त्याहून जुनं एमपीईजी-४ ज्याला लोक डिव्हएक्स एक्सव्हिड म्हणून ओळखतात. त्यानंतर २०१३ मध्ये व्हीपी९ आलं, त्याच वर्षी एच.२६५ आलं, २०१८ मध्ये एव्ही१ आलं. ही नवीन मंडळी कमी साइजमध्ये जास्त चांगलं चित्र देतात म्हणून व्हिडिओ साइटवाल्यांना ती आवडतात, पण प्लेअरच्या आतली चिप बनवतानाच ठरलेलं असतं की तिला काय उलगडता येईल, नंतर अपडेट बिपडेट काही येत नाही. त्यामुळे "कॉम्प्युटरवर तर मस्त चालतं" याला काही अर्थ नाही. कॉम्प्युटरवर व्हीएलसी नावाचा व्हिडिओ चालवायचा प्रोग्राम असतो आणि व्हीएलसीला जवळपास सगळंच चालतं.

आता मागच्या वर्षी का चाललं? यूट्यूबसारखी साइट एकाच व्हिडिओच्या बऱ्याच प्रती बनवून ठेवते, वेगवेगळ्या साइजच्या, वेगवेगळ्या कोडेकमधल्या. त्यातही बहुतेक प्रतींमध्ये चित्र एका फाइलीत आणि आवाज दुसऱ्या फाइलीत असतो, बघताना ते जोडले जातात. एच.२६४ ची प्रत १०८०पी पर्यंतच मिळते, त्याच्या वरचं २के ४के सगळं व्हीपी९ नाहीतर एव्ही१. म्हणजे कोणी तुम्हाला "सगळ्यात भारी क्वालिटी" निवडून फाइल काढून दिली असेल तर आत बहुतेक एव्ही१ किंवा व्हीपी९ आणि आवाज ओपस नावाच्या नव्या कोडेकमध्ये, आणि हे सगळं एमपी४ च्या डब्यात घालून. मागच्या वर्षी ३६०पी ची फाइल होती, चालली. यंदा नवीन फोन घेतला, जास्त रिझोल्यूशनची हाव सुटली, संपलं. आवाजाचा कोडेक ओळखीचा असेल आणि चित्राचा नसेल तर नुसता आवाज येतो, उलट असेल तर मुकं चित्र, दोन्ही अनोळखी असले तर थेट मेनूवर. फाइलचं नाव बदलून वेबएम (हाही एक डबाच) चं एमपी४ केल्याने काहीही होत नाही, तरी लोक करतात आणि वर सांगतात की कन्व्हर्ट करून बघितलं.

तर पहिलं काम म्हणजे आत काय आहे ते बघणं. त्याशिवाय बाकी काही करू नका. व्हीएलसीमध्ये फाइल चालू करा, टूल्स मेनूत कोडेक इन्फर्मेशन आहे, किंवा कीबोर्डवर कंट्रोल धरून जे दाबा. तिथे व्हिडिओसमोर एच२६४ किंवा एव्हीसी१ असं दिसलं तर चांगली बातमी, व्हीपी९० दिसलं की ते व्हीपी९, आणि एव्ही०१ दिसलं की ते एव्ही१, जे एव्हीसी१ सारखंच दिसतं म्हणून डोळे उघडे ठेवून वाचा, बरेच जण इथे फसतात. आवाजासमोर एएसी किंवा एमपीईजी ऑडिओ पाहिजे, ओपस असेल तर प्लेअर मुका राहणार. त्याच खिडकीत रिझोल्यूशन आणि फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, तो पण लिहिलेला असतो, तोही बघून ठेवा. आता दोन फाइली घ्या, एक चालणारी आणि एक न चालणारी, दोन्हींची ही माहिती शेजारी शेजारी ठेवा. तुमच्या प्लेअरचं मॅन्युअल हरवलं असेल, किंवा कधी नव्हतंच, तरी चालणारी फाइल हेच मॅन्युअल.

एच.२६४ असूनही चालत नाही असंही होतं. तेव्हा बहुतेक रिझोल्यूशन जास्त असतं, नाहीतर सेकंदाला ६० फ्रेमचा व्हिडिओ असतो, नाहीतर प्रोफाइल हाय असते. एच.२६४ मध्येच बेसलाइन, मेन, हाय अशा पायऱ्या आहेत आणि जुन्या चिपना फक्त बेसलाइन झेपते. गल्फमधून किंवा बोटीवरून कोणीतरी कधीकाळी आणलेले आयपॉड अजून ड्रॉवरमध्ये असतात, त्यातल्या क्लासिकचं उदाहरण घ्या, त्याला एच.२६४ बेसलाइन, ६४० बाय ४८०, सेकंदाला ३० फ्रेम, २.५ एमबीपीएस पर्यंत (सेकंदाला किती मेगाबिट डेटा, यालाच बिटरेट म्हणतात) आणि आवाज एएसी, याच्या पुढे तो हात लावत नाही. शिवाय त्याला आयट्यून्समधूनच (नव्या मॅकवर फाइंडरमधून) भरावं लागतं, नुसती फाइल कॉपी केली तर ती आत पडून राहते पण यादीत दिसत नाही.

आता फाइल आणायची कुठून, यावर जरा थांबतो कारण निम्मी डोकेदुखी इथूनच येते.

यूट्यूबच्या अ‍ॅपमधलं डाऊनलोड बटण आपल्या कामाचं नाही. ते व्हिडिओ अ‍ॅपच्या आतच बंद अवस्थेत राहतात, फाइल म्हणून बाहेर काढून कार्डवर टाकता येत नाहीत, आणि प्रीमियमवालं डाऊनलोड असलं तरी ३० दिवसांत एकदा फोन नेटला जोडावा लागतो. नेटफ्लिक्स वगैरेचं तर कुलूपच आहे, तिथे वेळ घालवू नका. आणि ते लिंक पेस्ट करा डाऊनलोड करा वाले साइट, त्यांच्याबद्दल माझं मत वाईट आहे. एकतर यूट्यूबच्या नियमात परवानगीशिवाय असं उतरवणं बसत नाही, आणि दुसरं म्हणजे पानावर पाच डाऊनलोड बटणं आणि त्यातली चार जाहिरातीची, एखादं दाबलं की भलतंच अ‍ॅप फोनमध्ये येऊन बसतं. घरच्या ज्या फोनवर बँकेचं अ‍ॅप आहे त्यावर तर हे अजिबात करू नका. आणि एवढं करून तुमच्या हातात कुठला कोडेक येईल याची गॅरंटी नाहीच.

पण आपल्याकडे जे बघायचं असतं त्यातलं बरंचसं आपल्याच माणसांचं असतं हे लोक विसरतात. गावच्या मंडळाचं भजन, जत्रेतलं नाटक, आरतीचं पथक, हे ज्यांनी चॅनलवर टाकलंय ते तुमच्या ओळखीचे, दोन वाड्यांपलीकडचे. त्यांना सरळ विचारा. ज्याचं चॅनल आहे त्याला यूट्यूब स्टुडिओमध्ये स्वतःच्या व्हिडिओसमोर तीन ठिपके दाबून डाऊनलोड करता येतो, आणि ती फाइल ७२०पी किंवा ३६०पी ची एमपी४ येते, जी आपल्या कामाला पुरून उरते. मूळ क्वालिटी पाहिजे असेल तर गूगल टेकआउटमधून, म्हणजे आपला डेटा उतरवून घ्यायच्या गूगलच्या सोयीतून मिळते. किंवा शूटिंगवाल्याकडे पेनड्राइव्ह घेऊन जा, चहा पाजा. व्हॉट्सअ‍ॅपवर मागवणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबून बारीक केला जातो. डॉक्युमेंटला २ जीबी पर्यंत चालतं.

बाकी जुनं काही बघायचं असेल तर इंटरनेट आर्काइव्ह आहे, तिथे पानावर डाऊनलोड ऑप्शन्सची यादीच दिलेली असते, त्यात एच.२६४ किंवा एमपीईजी४ लिहिलेलं घ्या, ऑग व्हिडिओ घेऊ नका. विमिओवर टाकणाऱ्याने परवानगी दिली असेल तर बटण दिसतं. ज्या साइटवर स्वतःचं डाऊनलोड बटण आहे आणि फाइल खरोखर हातात येते, ती साइट आपली.

फाइल आली, आत भलताच कोडेक निघाला, मग कन्व्हर्ट. यासाठी हँडब्रेक, फुकट आहे, विंडोज मॅक लिनक्स सगळीकडे चालतो, फक्त त्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. उघडून फाइल ओढून आत टाका. प्रीसेटमध्ये जनरलखाली फास्ट ४८०पी३० निवडा. मग व्हिडिओ टॅबवर जा, एन्कोडर एच.२६४ चाच ठेवा, प्रोफाइल बेसलाइन करा, लेव्हल ३.० करा, आणि फ्रेम रेटखाली कॉन्स्टंट निवडा, हे कॉन्स्टंट विसरू नका त्याचं कारण खाली येतंय. डायमेन्शन्स टॅबवर रुंदी ६४० च्या आत आणा, प्लेअरचा स्क्रीन छोटा असेल, म्हणजे ४.३ इंचाचे बरेच प्लेअर ४८० बाय २७२ चेच असतात, तर ४८० वर आणा. ऑडिओ टॅबवर एएसी आणि स्टिरिओ. भजनाचं रेकॉर्डिंग फार हळू असेल तर तिथेच गेन आहे, थोडा वाढवा, जास्त वाढवला की झांजा फाटतात.

यावर नेहमी कोणीतरी म्हणतं की क्वालिटी जाईल. अरे बाबा, चार इंचाच्या काचेवर १०८०पी बघून काय दिसणार आहे? उलट जागा वाचते. हिशोब सोपा आहे, १ एमबीपीएसने केलेला तासाभराचा व्हिडिओ ४५० एमबी, आवाज धरून ५०० च्या आसपास. तीन तासांचं नाटक दीड जीबीत बसतं. तेच नाटक ४ एमबीपीएसने असेल तर नुसतं चित्रच ५.४ जीबी, आणि मग पुढचा लफडा सुरू होतो, तो कार्डाचा.

पण त्याआधी एक जात राहिली. ते बटणवाले डीव्हीडी कम यूएसबी प्लेअर, झाकण उघडलं की छोटा स्क्रीन, जत्रेत आणि बाजारात मिळायचे. त्यातल्या बऱ्याच जणांना एच.२६४ अजिबात कळत नाही, कितीही बेसलाइन करा. त्यांना एव्हीआय डब्यात एक्सव्हिड आणि आवाज एमपी३ असं लागतं, आणि साइज ७२० बाय ५७६ च्या आत. हँडब्रेक एव्हीआय बनवत नाही, तो पर्याय त्यांनी कधीच काढून टाकला, म्हणून इथे एव्हीडेमक्स नावाचा दुसरा प्रोग्राम वापरा. त्यात डावीकडे व्हिडिओ आउटपुट एमपीईजी४ एएसपी एक्सव्हिड, ऑडिओ आउटपुट एमपी३ लेम, खाली आउटपुट फॉरमॅट एव्हीआय, आणि सेव्ह. एक्सव्हिडच्या सेटिंगमध्ये क्वार्टर पिक्सेल आणि जीएमसी नावाच्या दोन गोष्टी असतात, त्या बंदच राहू द्या, हे प्लेअर त्यावर अडखळतात.

आता कार्ड. "द फाइल इज टू लार्ज फॉर द डेस्टिनेशन फाइल सिस्टम" असं विंडोज म्हणतं तेव्हा कार्डावर जागा नाही असं नसतं. कार्ड फॅट३२ नावाच्या फॉरमॅटमध्ये, म्हणजे फाइली मांडून ठेवायच्या पद्धतीत असतं आणि फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीच्या पुढे जाऊच शकत नाही, मग कार्ड ३२ जीबीचं रिकामं का असेना. लोक काय करतात, नेटवर वाचून कार्ड एक्सफॅट किंवा एनटीएफएस करतात, फाइल जाते, आणि मग प्लेअर कार्डच ओळखत नाही. जुन्या प्लेअरला फॅट३२ च लागतं. ६४ जीबी आणि त्यावरची कार्डं तर दुकानातून येतानाच एक्सफॅट असतात, म्हणून नवीन मोठं कार्ड घातलं की कार्ड एरर, आणि विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटमध्ये ३२ जीबीच्या वर फॅट३२ चा पर्यायच दिसत नाही. रुफस नावाच्या प्रोग्राममध्ये नॉन बूटेबल निवडून फॅट३२ करता येतं, पण खरं सांगू का, ३२ जीबीचं कार्ड घ्या, विषय संपला. अर्ध्या एमबीपीएसच्या हिशोबाने त्यात अख्खा चातुर्मास मावतो.

सुरुवातीचे व्हिडिओ चालतात, पुढचे चालत नाहीत किंवा मध्येच तुटतात, आणि कॉम्प्युटरवरून कार्ड उघडलं तरी तेच, असं असेल तर कार्ड खोटं असण्याची शक्यता दाट. बाहेर ६४ लिहिलेलं, आत ८ च जीबी, त्यापुढे जे लिहाल ते हवेत जातं. एच२टेस्टडब्ल्यू नावाचं छोटं प्रोग्राम आहे, ते कार्ड पूर्ण भरून परत वाचून बघतं आणि खरं काय ते सांगतं. वेळ लागतो, रात्री लावून झोपा, पावसाळ्यात लाइटचा भरवसा नाही तेव्हा लॅपटॉप चार्ज असू द्या. आणि कॉपी झाल्या झाल्या कार्ड खेचून काढू नका, सेफली रिमूव्ह करा, शेवटची फाइल अर्धी राहण्याचं हे सगळ्यात साधं कारण.

आता तो कॉन्स्टंट फ्रेम रेट. फोनवर शूट केलेलं भजन सुरुवातीला बरोबर असतं आणि अर्ध्या तासाने बुवांचे ओठ एकीकडे आणि अभंग दुसरीकडे, पखवाजावर थाप पडलेली दिसते आणि आवाज मागाहून येतो. फोनचा कॅमेरा कमी उजेडात आपोआप फ्रेम कमी करतो, आणि देवळाच्या मंडपात रात्री उजेड तो कितीसा असणार, त्यामुळे व्हिडिओत फ्रेमचा वेग वर खाली होत राहतो. फोन आणि कॉम्प्युटर ते सांभाळून घेतात, साधा प्लेअर एकच वेग धरून चालतो आणि फरक साठत जातो. हँडब्रेकमध्ये कॉन्स्टंट केलं की हे जातं. फरक वाढत नसेल, पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच असेल, तर मात्र कारण वेगळं, तिथे एव्हीडेमक्समध्ये ऑडिओ आउटपुटखाली शिफ्ट आहे, मिलिसेकंद टाकून आवाज पुढे मागे सरकवा.

भाच्याने शूट केलेली आरती आडवी पडलेली दिसते, देव कुशीवर, ती पण फोनचीच करामत. फोन चित्र फिरवत नाही, फाइलमध्ये फक्त "हे फिरवून दाखवा" अशी नोंद करतो आणि प्लेअर ती नोंद वाचत नाही. कन्व्हर्ट करताना डायमेन्शन्समध्ये रोटेशन बघून घ्या, प्रीव्ह्यूमध्ये सरळ दिसलं पाहिजे. नवीन फोन एच.२६५ मध्ये शूट करतात, तेव्हा फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्येच मोस्ट कम्पॅटिबल किंवा एच.२६४ करून ठेवलं तर पुढचा एक घोळ वाचतो.

नावं मराठीत ठेवू नका, मनाला लागतं पण ठेवू नका, साध्या प्लेअरच्या स्क्रीनवर चौकोन नाहीतर प्रश्नचिन्हं दिसतात आणि कधीकधी फाइल उघडतच नाही. इंग्रजी अक्षरं, छोटं नाव, पुढे दोन आकडी नंबर. आणि नंबर देऊनही प्लेअर उलटसुलट क्रमाने लावतो, म्हणजे आधी भैरवी आणि मग रूपाचा अभंग, कारण काही प्लेअर नाव बघतच नाहीत, कार्डावर जी फाइल आधी लिहिली गेली ती आधी. त्यावर उपाय म्हणजे कार्ड रिकामं करून फाइली एकेक करून क्रमाने टाकणं, किंवा फॅटसॉर्ट नावाच्या टूलने कार्डावरचा क्रम लावणं. मॅकवरून कॉपी केलं असेल तर प्रत्येक व्हिडिओबरोबर डॉट अंडरस्कोरने सुरू होणारी एक छोटी भुतासारखी फाइल दिसेल, ती व्हिडिओ नाही, खुशाल डिलीट करा.

शेवटचं, पण करा सगळ्यात आधी. तीन तासांचं नाटक रात्रभर कन्व्हर्ट करून सकाळी प्लेअरवर काळा स्क्रीन बघायचा नसेल तर हँडब्रेकमध्ये वरच रेंज आहे, चॅप्टर्सच्या जागी सेकंद्स निवडून ० ते ६० टाका, एका मिनिटाचा तुकडा बनतो. तो प्लेअरवर चालवून बघा, पुढे ढकलून बघा, आवाज बघा. नाही चालला तर रुंदी कमी करा, मग बिटरेट, एका वेळी एकच गोष्ट बदला म्हणजे कशाने चाललं ते कळेल. ज्या सेटिंगवर चालला ते सेव्ह न्यू प्रीसेट करून त्याला सरळ "आजोबा प्लेअर" असं नाव द्या, आणि बाकीच्या सगळ्या फाइली अ‍ॅड टू क्यू करून एकदम लावून टाका.